वाट बापाची, कुत्री त्यांची

२०२३ साल. माझं वय बहात्तर. शाळा दुसरीपर्यंत, पण कुणापुढं मान खाली घातली नव्हती. त्या उन्हाळ्यात मात्र मी भ्यालो.

गगनबावड्याच्या बाजूला आमचं गाव. धरण झालं तेव्हा भातखाचरं पाण्यात गेली, उरला तो काठ. झाडी, गवत आणि पाण्यापर्यंत उतरणारी वाट. गावानं तो काठ कुणा एकाचा होऊ दिला न्हाई. म्हशी डुंबायच्या तिथंच, बाया जळण आणायच्या तिथनंच. पुढं उतारावर शहरातल्या लोकांनी बंगले बांधले. पाणी दिसतं म्हणून. बांधू देत, आमचं काय गेलं?

मग एका सकाळी वाटेवर एका बंगलेवाल्या साहेबाचं लोखंडी फाटक. आत दोन कुत्री, वासरागत. राखणीला माझाच भाचा, बहिणीचा पोरगा.

माझ्या पुढं शेजारीण होती. नवरा न्हाई, एका म्हशीवर घर. भाचा तिला म्हणाला, "मावशी, परत फिरा. बंद हाय."

"तुझ्या सायबानं धरण इकत घेतलं व्हय रं?"

"मला कशाला इचारतासा?"

ती म्हैस वळवून गेली. मी पुढं झालो, तसं त्यानं कुलूप काढलं. "मामा, तुम्ही जावा. तुमास्नी मोकळीक हाय."

मी जागचा हललो न्हाई. पण माझ्या दोन्ही म्हशींना पाण्याचा वास लागलेला, त्या सरळ आत घुसल्या. त्यांना आणायला मला जावं लागलं.

काठावर साहेब उभा होता. "आजोबा, तुम्ही रोज या. फक्त सगळं गाव नको, घाण होते." मग हसून म्हणाला, "भाचा तुमचाच ना? चांगला मुलगा आहे. टिकला पाहिजे."

बोलणं गोड होतं. कुत्र्यांपेक्षा त्याचीच मला जास्त धडकी भरली.

घरी कारभारीण म्हणाली, "म्हशी डुंबल्या न्हवं? मग गप बसा. पोराचं काम गेलं तर बहीण दारात उभं करायची न्हाई तुमास्नी."

"आज देतोय, उद्या बंद करील. माझ्या बापाच्या वाटंवर मला मोकळीक देणारा हा कोण?"

"वाट बापाची, पण कुत्री त्यांची हाईत."

मी उठून परसात आलो. शेजारणीची म्हैस उन्हात धापा टाकत होती, आणि ती बोअरचं पाणी घागरीनं तिच्या पाठीवर ओतत होती. कुडावरनं म्हणाली, "तात्या, तुमच्या म्हशी गार होऊन आल्या जणू."

जेवण गेलं न्हाई. भांडलो, तर पोलीस येतील, भाचा घरी बसेल, बहीण तोंड बघायची न्हाई. एकेक डोळ्यापुढं यायचं. आणि गप बसलो, तर गावात वाट माझ्या एकट्याची राहणार. त्याचं भ्या तर सगळ्यांत वाईट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारणीच्या गोठ्यात गेलो, तिच्या म्हशीचं दावं सोडलं आणि ती माझ्या म्हशींच्या पुढं घातली. शेजारीण काठी घेऊन मागनं आली. फाटकाशी भाच्याचा चेहरा पडला.

"मामा, ही तुमची न्हाई."

"गावाची हाय. उघड."

कुत्री अंगावर येत होती. मी त्या म्हशीच्या पाठीवर हात टेकला आणि तिथंच उभा राहिलो.