अर्धा ऐकलेला उपदेश

प्रभूच्या प्रार्थनेत 'जशी आम्ही इतरांना क्षमा करतो' ही ओळ आली की मला खोकला यायचा. अगदी वेळेवर. बाकीची प्रार्थना मी खणखणीत म्हणायचो, शेवटचं आमेन तर इतरांपेक्षा अर्धा सूर वरच. पण त्या एका ओळीपाशी घसा धरायचा. शेजारी बसलेली बायको मुकाट्याने पर्समधून लवंग काढून माझ्या हातावर ठेवायची. आम्हा ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्चची माणसं, आणि मराठीत मंडळी म्हणजे बायको. पहिली मंडळी माझ्या खोकल्याला फसायची. दुसरी कधीच नाही.

खोकल्याचं कारण होतं शेजारचे अप्पा. लातुरात आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. तूरडाळीचे व्यापारी, कपाळावर भस्माचे पट्टे, जिभेवर तिखट. त्यांनी बांधलेली भिंत हातभर आमच्या जागेत आली, असं माझं म्हणणं. आली नाही, असं त्यांचं. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला, तेव्हा नकाशा घेऊनच गेलो. अप्पा म्हणाले, "मास्तर, तुमच्या नकाशात लातूर तरी हाय का, ते बघा आधी." तेव्हापासून दोन उन्हाळे बोलणं बंद. आणि दोन्ही उन्हाळे मी देवाकडे नेमाने एकच मागणं मागत होतो, की अप्पांना सुबुद्धी दे. आपल्यासाठी सुबुद्धी मागावी, असं काही मला सुचलं नाही. ती आपल्याकडे भरपूर आहे, असा माझा समज होता.

यंदा अप्पांचा बोअर आटला. त्यात लेक बाळंतपणाला आलेली, घरात कोवळं बाळ. नळाला पाणी येईल तेव्हा खरं, आणि टँकरवाला फोन उचलेना. बायको म्हणाली, "अहो, आपल्या बोअरला पाणी आहे. भिंतीवरून पाइप टाकू या."

"अप्पांनी येऊन मागावं."

"ते मेले तरी मागायचे नाहीत."

"मग मीही द्यायचो नाही."

भिंतीपलीकडे बाळ रडायला लागलं की मी बायबल जरा मोठ्याने वाचायचो.

त्या रविवारी चर्चमध्ये उकाडा मनस्वी होता. पंखा गरम वारा वाटत होता. मी ध्यान लागल्यासारखे डोळे मिटले आणि खरंच ध्यान लागलं; बायकोच्या मते घोरण्यासकट. कुठून तरी लांबून पाळकसाहेबांचा आवाज आला, "पाणी सोडा! आज घरी जाऊन पाणी सोडा!" मी दचकून जागा झालो. अंगावर काटा आला. माझ्या बोअरची गोष्ट देवाशिवाय कुणाला ठाऊक होती? (बायकोला होती, पण तिने शपथेवर सांगितलं की ती चहाडी करायला गेली नव्हती.) आजवर देवाला मी पुष्कळ गोष्टी विचारल्या, पण इतकं रोखठोक उत्तर कधी आलं नव्हतं.

घरी येऊन कपडेही न बदलता पाइप जोडला, टोक भिंतीपलीकडे भिरकावलं आणि मोटार चालू केली. पलीकडे काय आहे ते बघायची बुद्धी काही झाली नाही. पलीकडे अप्पांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या.

"आगं बया! मिरच्या गेल्या की!"

भिंतीवर अप्पांचं डोकं उगवलं. भस्म ओघळून नाकापर्यंत आलेलं. "मास्तर, काय करायलाव ओ हे? भांडण हाय म्हणून काय पूर आणावा माणसानं?"

"अप्पा, मला... पाणी सोडायला सांगितलं."

"कोणी?"

मी वर बोट केलं. अप्पांनी मान वर करून आमच्या गच्चीवरच्या टाकीकडे बघितलं.

तेवढ्यात काकू आतून ओरडल्या, "आवो, भांडत काय बसलाव? आधी हंडे लावा खाली!" मग भिंतीजवळ आल्या, पदराने तोंड पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "मास्तर, सकाळी लिंगपूजेला वाटीभर पाणी उरलं होतं. तेवढं वाहिलं आन् म्हणलं, आता तुझं तूच बघ बाबा. लेकराला न्हाऊ घालायला थेंब न्हवता घरात."

अप्पा खाली वाकून हंडा सरळ करत राहिले, बराच वेळ. तो हंडा आधीच सरळ होता.

पुढच्या रविवारी मी ऐटीत साक्ष द्यायला उभा राहिलो. देव कसा थेट बोलला, ते सगळं सांगितलं. आधी मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं, मग सगळं चर्च हसायला लागलं. पाळकसाहेबही हसले, आणि मग म्हणाले, "मास्तर, मी 'आपल्या हक्कावर पाणी सोडा' म्हणालो होतो. हक्कापुरतीच तुम्हाला झोप लागली."

मी मटकन खाली बसलो. उपदेशाचा सोपा अर्धा भाग मी पाळला होता. अवघड अर्धा घोरण्यात गेला होता. काकूंनी वाटी कोणाला वाहिली आणि मला हाक कोणी मारली, याचा हिशेब मी मांडत नाही. मला एवढंच कळतं, की सगळं नीट समजल्यावर मग आज्ञा पाळू, असं म्हणून थांबलो असतो, तर ते लेकरू त्या दिवशी बिनअंघोळीचं राहिलं असतं. कानावर आलं तेवढं माणसाने करावं. उरलेलं तो वरचा नंतर सांगतोच, आणि कधी कधी चारचौघांत सांगतो.

संध्याकाळी भिंतीपाशी गेलो. "अप्पा, ती हातभर जागा राहू द्या तुमच्याकडं. माझं काही म्हणणं नाही."

अप्पांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "मिरच्यांची भरपाई व्हय?"

"तसं समजा."

"मिरच्या पायलीभरच होत्या ओ मास्तर." नातवाला त्यांनी भिंतीवरून माझ्या हातात दिलं. "धरा जरा. हिशेब बरोबरीत आणतो." आणि आत जाऊन डाळीचं पोतं घेऊन आले.

त्यानंतरच्या रविवारी प्रार्थनेत ती ओळ आली. मी सरळ म्हणून गेलो, पुढच्या ओळीवर पोचलोही. बायकोने सवयीने लवंग काढून माझ्या हातावर ठेवली होती. तिने माझ्याकडे बघितलं, लवंग परत उचलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली. तिचाच घसा दाटून आला होता.