मामांची दाढ आणि छतावरची मेंढरं

माझे मामा पाटसजवळच्या एका वाडीत राहतात. वय सत्तरीच्या पुढं. अर्धं आयुष्य मेंढरांमागं रानोमाळ हिंडण्यात गेलं, मग मेंढरं विकून त्यांनी ऊस लावला. लांडग्याला नुसत्या काठीनं हुसकावून लावणारा हा माणूस दाताच्या डॉक्टरला भितो, हे मला गेल्या वर्षी कळलं.

दाढेनं गाल सुजून डोळा बारीक झाला, तेव्हा मामीनं फोन केला. मी कारेगावात राहतो, कंपनीत सुपरवायझर आहे. सुट्टी टाकून गेलो आणि मामांना दौंडला दाताच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी दाढ बघितली, मग बीपी मोजलं.

"एवढ्या बीपीवर दाढ काढता येणार नाही. गोळ्या देते, आठ दिवसांनी या."

वाडीजवळच्या डॉक्टरनं मोजलं तर बीपी अगदी ठीक. आठ दिवसांनी मामा पुन्हा त्या खुर्चीत बसले आणि पुन्हा चढलं. मामांना त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. परतताना गाडीवर मागून म्हणाले, "मशीन खोटं बोलत न्हाई."

तिसऱ्या खेपेला गेलो तर खुर्चीच्या बरोबर वर, छताला, टीव्ही लावलेला. निसर्ग बघितला की पेशंटचा ताण कमी होतो, असं डॉक्टरांनी कुठंतरी वाचलं होतं. खिडकीबाहेर चांगला डेरेदार कडुनिंब होता. पण स्क्रीनवर उजेड पडतो म्हणून खिडकीचा पडदा ओढून घेतला होता.

"आबा, वर बघा. हिरवळ बघितली की मन शांत होतं."

"हिरवळ बघतच म्हातारा झालो की मी," मामा म्हणाले. त्यांनी माझं मनगट असं धरलं होतं की माझीच बोटं बधिर व्हायला लागली.

आधी धबधबा झाला. मग बर्फाचे डोंगर झाले. पकड काही सैल होईना. मग एक हिरवंगार कुरण आलं आणि त्यात पांढऱ्याशुभ्र मेंढ्या. मामांनी डोळे बारीक केले.

"कुठलं रान म्हणायचं हे?"

"परदेशातलं आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"आन् राखणारा कुठंय?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. मामा स्वतःच त्याला शोधू लागले. तो काही सापडला नाही, पण दुसरंच सापडलं. माझं मनगट सोडून त्यांनी बोट वर केलं. "ती कडंची बघ. पुढचा पाय टेकत न्हाई. वल्यात हुभी करून ठेवल्यात, खुरं सडत्याल न्हाई तर काय? कुणाचं ध्यानच न्हाई."

डॉक्टरांनी हळूच दंडाला पट्टा गुंडाळला. बीपी उतरलं होतं. त्यांनी तोच व्हिडिओ पुन्हा लावला आणि इंजेक्शन दिलं. मामा आ वासून त्या लंगड्या मेंढीकडं बघत राहिले. दाढ निघाली तेव्हाही त्यांची नजर वरच होती.

"बघितलंत? हा निसर्गाचा परिणाम," डॉक्टर मला म्हणाल्या. त्या मनापासून खूश होत्या. मामांचं मन शांत वगैरे झालेलं नव्हतं, ते चांगलं संतापलं होतं, हे मला दिसत होतं. पण दाढ ट्रेमध्ये पडली होती. मी मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात चौकशीला फोन केला. मामी म्हणाली, "जखम भरली. पर आता रोज दुपारच्याला मोबाइलवर ती परदेशी मेंढरं बघत बसत्यात, आन् त्या लोकांना शिव्या देत्यात. बीपी न्हाई ना वाढायचं?"

"मोजून बघा," मी म्हणालो.

मामांनी मोजू दिलं नाही. त्यांना वेळ नव्हता.