कोरडी गादी

हिलालभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते १९९६ च्या डिसेंबरात, सुरतेतल्या आमच्या हॉस्पिटलच्या मेंदूविकार विभागात. बी. फार्म. होऊन मला सहाच महिने झाले होते. ज्यांची फिट दोन-दोन, तीन-तीन औषधांनीही थांबत नाही, अशा रुग्णांवर एका नव्या गोळीची चाचणी तिथे सुरू होती आणि त्यांच्या डायऱ्या सांभाळणं हे माझं काम होतं. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेल्या भुकटीची. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक नसे, डॉक्टर मॅडमना नसे, मलाही नसे. ती यादी मुंबईला, चाचणी चालवणाऱ्या कचेरीत सीलबंद होती.

हिलालभाऊ धुळ्याकडचे, चौतिशीचे. भेस्तानच्या एका खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, सहा लूम चालवत. बोलताना ते नेहमी थोडं मोठ्याने बोलत, लूमवाले बोलतात तसं. त्यांना फिट यायची ती झोपेतच, जाग येण्याच्या थोडी आधी. त्यामुळे लूमवर कधी पडले नव्हते आणि शेठला काही माहीत नव्हतं. घरी मात्र ते लपलं नाही. एका पहाटे फिटमध्ये त्यांचा हात जोरात लागून शेजारी झोपलेल्या मुलीच्या कपाळाला खोक पडली. मुलगी दोन वर्षांची होती. आठ दिवसांत बायकोचा, शोभाबाईंचा, भाऊ पारोळ्याहून आला आणि दोघींना घेऊन गेला. "थांबली की कळवा," एवढंच तो म्हणाला. त्याला चार वर्षं होऊन गेली होती.

"महिन्याला निदान चार फिट येत असतील तरच तुम्हाला घेता येईल," मी त्यांना सांगितलं. "कमी असतील तर नाही."

"चारला काय कमी नाही भाऊ. मागा तेवढ्या देतो," ते हसून म्हणाले.

"आणि प्रत्येक फिट डायरीत लिहायची. समोर पाहणाऱ्याची सही पाहिजे."

तेव्हा मात्र ते म्हणाले, "मला झोपेत पाहणारं कोणी असतं, तर मी इथं कशाला आलो असतो?"

डिंडोलीत त्यांची खोली होती. एक खोली, दोन खाटा, चार माणसं. खाट दोघांत एक. एक जण दिवसपाळीला गेला की रातपाळीचा येऊन त्याच गादीवर झोपणार, आणि पंधरवड्याने पाळ्या उलट होणार. हिलालभाऊंच्या खाटेचा भागीदार दगा नावाचा होता, त्यांच्याच भागातला. दोघं चार वर्षं एका गादीवर झोपत होते, पण भेट व्हायची ती गल्लीच्या तोंडाशी, एक जाताना आणि एक येताना. हिलालभाऊ तिथे दिसले नाहीत की दगाला समजायचं. खोलीवर जाऊन पाहावं तर जीभ चावलेली, गादी ओली, माणूस भानावर नाही. मॅडमनी विचार केला आणि ही साक्ष चालेल म्हणाल्या.

पहिले दोन महिने नुसती नोंद होती. डायरीत फिटच्या सतरा फुल्या पडल्या. कधी लागोपाठ तीन दिवस, कधी नऊ दिवस काहीच नाही. फेब्रुवारीपासून गोळी सुरू झाली. फुल्या चालूच राहिल्या, महिन्याला पाच.

एप्रिलमध्ये मी आकडे तक्त्यावर मांडत होतो. हिलालभाऊंच्या रांगेशी येऊन थांबलो. मार्चपासूनच्या सगळ्या फुल्या अगदी सहा-सहा दिवसांच्या अंतराने होत्या. फिट अशी वेळापत्रक पाळून येत नाही. त्या दुपारी मी डिंडोलीला गेलो.

खाटेवर दगा पडला होता, जागाच. मी डायरी पुढे केली. "ही सही तुमची?"

"मनीच शे."

"मग या फिट तुम्ही पाहिल्या?"

तो उठून बसला. माझ्याकडे पाहून हसायला लागला. "दोन महिना व्हयनात भाऊ, गादी कोरडी शे! आधी रोज उन्हात टाकावी लागायची. आता नवरदेवासारखा झोपतो मी."

"मग सही का केली?"

"त्याने कर म्हटलं, केली. फिट नसली तर तुम्ही गोळी देत नाही ना?"

चारपेक्षा कमी असतील तर घेत नाही, हे वाक्य माझंच होतं. ते फक्त आत येण्यापुरतं आहे, हे मी पुढे सांगितलंच नव्हतं. चौदा पानांचं संमतिपत्र मी त्यांना घाईघाईत वाचून दाखवलं होतं आणि प्रत्येक पानाला त्यांनी मान हलवली होती.

दुसऱ्या दिवशी खात्याबाहेर चहाच्या टपरीवर मी हिलालभाऊंना गाठलं. खरा नियम उलटा होता, तो मी त्यांना सांगितला. बारा आठवड्यांनी ज्यांना फरक नाही त्यांची गोळी बंद, ज्यांना आहे त्यांना पुढे वर्षभर चालू.

ऐकून त्यांनी कप खाली ठेवला. "भाऊ, जो माग अडतो त्याच्याकडेच दुरुस्तीवाला जॉबर येतो. चालत्या मागाकडे कोण पाहतं? मला वाटलं, इथंही तसंच." मग म्हणाले, "मी शोभाला पत्र टाकलं आहे. आखाजीचा सण झाला की ये म्हणून."

"मॅडमना खरं सांगा."

"काढून टाकतील."

"न सांगितलं तरी काढतील."

गुरुवारी ते आले, अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून. मॅडमनी ऐकून घेतलं आणि आधी का नाही सांगितलं, एवढंच विचारलं. "हिलालभाई, पहेलां केम न कह्युं?"

"डर लाग्यो, बेन."

चाचणीच्या कागदावर खोडरबर चालत नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. नऊ खोट्या फुल्यांवर त्यांनी नऊ रेघा मारल्या, नऊ सह्या केल्या. रेघा सरळ आल्या.

मॅडमनी मुंबईला कळवलं, त्याचं उत्तर बारा दिवसांनी आलं. रुग्णाची डायरी विश्वासार्ह नसल्याने त्याला चाचणीतून वगळावे. मॅडमनी दोनदा फोन केला. दुसऱ्या फोनला त्या माझ्यासमोर जवळजवळ भांडल्या. उपयोग झाला नाही. तीन आठवड्यांत गोळी कमी करत बंद केली आणि जुन्या दोन गोळ्या तेवढ्या राहिल्या.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी हिलालभाऊ दगाला गल्लीच्या तोंडाशी दिसले नाहीत.

त्यांनी स्वतःच पारोळ्याला कार्ड लिहिलं, इतक्यात येऊ नका म्हणून. मेव्हण्याचं उत्तर लगेच आलं. ते त्यांनी मला वाचायला दिलं. खोटं लिहून बायकोला बोलावत होता, फिट थांबलेली नव्हतीच, असा मजकूर होता. "तिलाही तसंच वाटत असेल," ते म्हणाले. "खरं म्हणजे आता मलाही वाटायला लागलंय. दगा तरी काय, झोपाळू माणूस. गादी काय नीट पाहत असेल?"

त्यांची तपासणी संपली होती, तरी ते अधूनमधून गुरुवारी येऊन बाकावर बसत. कोणी विचारलं तर म्हणत, सहज आलो.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये चाचणी संपली आणि मुंबईहून यादी आली. मी सगळ्यात आधी त्यांचा क्रमांक शोधला. त्यांच्या गोळीत औषध होतं.

ते बाकावर बसले होते. मी सांगितलं. मला वाटलं ते चिडतील, रडतील. ती गोळी अजून बाजारात आलेली नव्हती आणि कधी येईल ते मलाही सांगता येत नव्हतं. त्यांनी ते विचारलंच नाही.

"म्हणजे ते दोन महिने खरे होते?"

"खरे होते."

"मग हे तिला लिहा. तुम्हीच लिहा, हॉस्पिटलच्या कागदावर. माझं अक्षर पाहून तिचा भाऊ फाडून टाकेल."

मी लिहिलं. मार्च आणि एप्रिल १९९७ मध्ये तुमच्या पतीला एकही फिट आली नव्हती, त्यांनी तुम्हाला खोटं कळवलं नव्हतं. मॅडमनी खाली सही केली, शिक्का मारला. उत्तरासाठी हिलालभाऊंनी पत्ता हॉस्पिटलचा द्यायला लावला. खोलीवर पोस्टमन येतो तेव्हा खाटेवर कोण असेल याचा भरवसा नव्हता.

त्यानंतर मी तिथे चार महिने होतो. दर गुरुवारी ते येत, टपालाच्या टेबलापर्यंत जात, रिकाम्या हाताने परतत, माझ्याकडे पाहून मान हलवत आणि पाळी गाठायला निघून जात.