प्रशांतच्या डोक्याची पंधरा मिनिटं

भाडेकरू ठेवले की पहिल्या महिन्यात त्यांची नावं कळतात, दुसऱ्या महिन्यात सवयी, आणि तिसऱ्यापासून किस्से सुरू होतात. ते मुद्दाम लक्षात ठेवावे लागत नाहीत. गच्चीवरच्या टाकीत गाळ साचतो तसे साचत जातात, आणि चार मित्र चहाला बसले की टाकी ढवळायची तेवढी बाकी असते.

आम्ही मूळचे बाणेरचे. जिथे आमची ज्वारी होती तिथून कॉम्प्युटरवाल्या कंपन्यांकडे जायचा रस्ता झाला, आणि उरलेल्या तुकड्यावर मी तीन मजले चढवले. शाळेने मला सातवीतच सोडलं, पण माझ्या जिन्यावरून रोज चढउतार करणारे सगळे इंजिनियर! ते मला आबा म्हणतात आणि माझ्या बायकोला माई. हे किस्से सगळ्यात वरच्या खोलीतले. तिथे दोघं राहायचे, यवतमाळकडचा प्रशांत आणि नाशिकचा कुणाल. तसं बघायला गेलं तर किस्से त्या दोघांचेही नाहीत. प्रशांतच्या डोक्याचे आहेत.

*

प्रशांत आला तो जानेवारीत. अंगात काळा टी-शर्ट आणि दोन्ही खांद्यांवर पांढरा भुसा. मी गेटवरच विचारलं, "नोकरी कॉम्प्युटरची म्हणालास ना? मग हे पीठ कुठलं?"

पोरगा हसला. पण दुसऱ्या दिवसापासून पांढरे शर्ट घालायला लागला. तेव्हा कळलं, हा साधा कोंडा नव्हे. केसांत लाल चट्टे होते आणि त्यांवर चांदीच्या वर्खासारखे पापुद्रे.

मी त्याला आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये घेऊन गेलो. सलूनवाल्याने केस बाजूला करून पाहिलं आणि कात्री खाली ठेवली. "आबा, ह्ये लागट हाय. दुसऱ्या गिऱ्हाइकाला व्हईल."

मी त्याच्या हातातला कंगवा घेतला, प्रशांतच्या डोक्यावरून फिरवला आणि लगेच माझ्या डोक्यावरून फिरवला. म्हटलं, "आता बघू मला कसं होतंय ते." सलूनवाला गार पडला. मुकाट्याने त्याने कटिंग करून दिली. प्रशांतच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या डोक्यावर कित्येक वर्षांत केस उगवलेला नाही, हे त्या गडबडीत कोणाच्या ध्यानात आलं नाही!

*

पण "लागट" हा शब्द कुणालपर्यंत पोचायचा तो पोचलाच. त्याने आपली गादी खिडकीपाशी ओढली, उशीला दोन-दोन अभ्रे घातले, टॉवेल कपाटात कुलपात ठेवला. प्रशांत स्वतःच्याच खोलीत पाहुण्यासारखा वावरायला लागला. ते काही मला बघवेना.

शनिवारी त्यांना सुट्टी असायची. दुपारी कुणाल घोरत होता. मी माईच्या डब्यातला मूठभर बारीक रवा घेतला आणि त्याच्या उशीवर, केसांत, कानामागे, हळूहळू पेरला. शेतकऱ्याचा हात आहे, पेरणी एकसारखी झाली.

तासाभराने वरून आरोळी आली, "झालं! आबा, मलापण झालं!" मी तोंड पाडून म्हटलं, बाबा रे, मग दोघांनी डॉक्टरला दाखवाच. इतके दिवस प्रशांत लाजून जात नव्हता. आता कुणालनेच त्याला गाडीवर मागे घातलं आणि सदाशिव पेठेतल्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. मागून माझी स्कूटर. असला खेळ कोण चुकवील?

बाईंनी आधी कुणालला घेतलं. चिमटीत एक कण धरला, दिव्याखाली नेला, बोटांवर चोळला.

"तुम्हाला रवा झालाय," त्या म्हणाल्या. "आधी भाजून घेतला असता तर शिरा तरी झाला असता. पुढचा पेशंट."

*

पुढचा पेशंट प्रशांत. त्याचं डोकं बाईंनी अगदी सावकाश पाहिलं. सोरायसिस, म्हणाल्या. लागट नाही. कंगव्याने होत नाही, उशीने होत नाही, एका खोलीत राहून तर मुळीच नाही. हे कुणालकडे बघून. कायमचा जाईल असं सांगणार नाही, पण आटोक्यात राहतो.

मग एक औषधी शाम्पू लिहून दिला. ह्यात स्टेरॉइड आहे, म्हणाल्या, तेव्हा सांगते तसंच वागायचं. डोकं कोरडं असताना फक्त चट्ट्यांवर लावायचा, पंधरा मिनिटं ठेवायचा, मग पाणी घालून फेस करायचा आणि स्वच्छ धुवायचा. लावून झाला की हात धुवायचे. डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. दिवसातून एकदा, जास्तीत जास्त चार आठवडे. मग मला दाखवायचं.

प्रशांत खुर्चीच्या कडेवर बसून होता. हळूच बोलायला लागला. त्याचं एका ठिकाणी जमत आलं होतं. मुलगी अकोल्याची, नाव स्नेहल. फोनवर चार-पाचदा बोलणं झालं होतं आणि पोराचा आवाजच सांगत होता की ती त्याच्या मनात भरली आहे. एप्रिलमध्ये ती आईवडिलांना घेऊन तो राहतो ते घर बघायला येणार होती. मागचं एक स्थळ ह्या डोक्यापायीच मोडलं होतं. हेही मोडलं तर, म्हणाला, आणि औषधाची चिठ्ठी उलटसुलट करत बसला. मग एकदम विचारलं, "मॅडम, दिवसातून दोनदा लावला तर लवकर जाईल नं?"

"का? दोन लग्नं करायची आहेत?"

*

कोरड्या डोक्याला शाम्पू ही गोष्ट माईला काही केल्या पटेना. तिच्या मते डॉक्टरबाईंना घाईत बोलायची सवय असणार, पाणी म्हणायचं राहून गेलं असेल. प्रशांतच्या हाताला तरी कुठे सवय होती? पहिला आठवडा त्याने आधी दोन तांबे पाणी ओतलं आणि मग शाम्पू चोळला. औषध वाहून गेलं. त्याने बाईंना फोन केला, फरक पडला नाही.

"मोरीला पडला असेल," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून कोरडं. पण पंधरा मिनिटं बसायचं कुठे? बाथरूम दोघांत एक, आणि कुणालला सकाळी बाथरूममध्ये गाणी म्हणायची असायची. म्हणून प्रशांत बाहेर जिन्याच्या वळणावर प्लास्टिकच्या स्टुलावर बसायला लागला. हातात घड्याळ, डोक्यावर औषध, मान ताठ. खाली-वर करणारी सगळी बिल्डिंग त्याच्याशी दोन शब्द बोलून जायची. आमची माई तर त्याला बघून स्वयंपाक करायची. तो स्टुलावर बसला की भाताचं पातेलं चढवायचं, आणि धुवायला उठला की गॅस बंद.

एका रविवारी प्रशांत न सांगता मित्राकडे राहायला गेला. माईने सवयीने पातेलं चढवलं, पण गॅस बंद करायची खूण करायला जिन्यात कोणी नव्हतं. आम्ही करपलेला भात खाल्ला!

*

प्रशांतला उतार पडायला लागला, तशी बाटलीही भराभर उतरायला लागली. तो स्वभावाने गरीब, कोणाला विचारेना. मी मात्र बघत होतो की कुणालच्या गालांवरच्या पुटकुळ्या गेल्यात आणि गाल डाळिंबाच्या दाण्यासारखे झालेत.

चहाच्या वेळी मी कपाकडे बघत म्हटलं, "डॉक्टरबाई सांगत होत्या, ज्याला हा आजार नाही त्याने हा शाम्पू लावला, तर त्याला ताबडतोब घेऊन या."

कुणालचं बिस्किट चहात पडलं. "काय होतं त्याला?"

"कोणाला?"

"नाही, म्हणजे समजा, एखाद्याला."

मी म्हटलं, ते त्या एखाद्याने डोक्याला लावला की तोंडाला, ह्यावर आहे. कुणाल उठला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.

ह्या वेळी मात्र बाई खरंच चिडल्या. तोंडाची कातडी आधीच पातळ, हे औषध ती आणखी पातळ करतं, लाल शिरा दिसायला लागल्या तर जन्मभर आरशाला तोंड दाखवता येणार नाही, असं बरंच बोलल्या. एकाचं औषध दुसऱ्याने वापरायचं नाही हे पोरगं घामाघूम होऊन कबूल करत होतं. शेवटी बाईंनी चष्मा वर केला आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही तेच ना, रवावाले?"

*

चार आठवडे झाले आणि प्रशांतचं डोकं पाटीसारखं स्वच्छ निघालं. पठ्ठ्या काळा शर्ट घालून बिल्डिंगभर हिंडला. बाईंनी पाहिलं, खूश झाल्या आणि म्हणाल्या, आता हा बंद. आता हा दुसरा साधा शाम्पू, आणि पुन्हा उठलंच तर मला विचारून.

झालं! प्रशांतचं तोंड उतरलं. एप्रिल तोंडावर आलेला, आणि ज्याने गुण आला तेच बंद? तो बाईंच्या हातापाया पडायचा तेवढा बाकी राहिला. एवढं लागू पडलंय, तर लग्न होईपर्यंत चालू ठेवू द्या ना, म्हणाला.

बाई म्हणाल्या, "पाय मोडल्यावर प्लास्टर लागू पडतं. म्हणून काय वरातीत घालून जाणार?"

पोराने ऐकलं. पण एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात कानामागून पुन्हा लाली चढली. काळजीनेही उठतं म्हणे हे, आणि काळजी तर तो भाकरीसारखी दोन्ही वेळा खात होता. बाईंनी तपासून पुन्हा थोडे दिवस शाम्पू लावायला सांगितला. स्टूल परत जिन्यात आलं.

*

आता प्रश्न एकच उरला होता. स्नेहलला सांगायचं की नाही?

यवतमाळहून त्याच्या वडिलांचा रोज फोन. तोंडातून एक अक्षर काढू नको, साखरपुडा होऊ दे. कुणालचं म्हणणं, ईमेल कर, म्हणजे तिचा चेहरा बघावा लागणार नाही. मी म्हटलं, समोर बसवून सांग. प्रशांत सगळ्यांचं ऐकायचा आणि कोणाचंच करायचा नाही. एकदा जिन्यात बसल्या बसल्या मला म्हणाला, "आबा, सांगितलं अन् ती नाही म्हणाली, तर मी दुसरी मुलगी नाही पाहणार जी. अन् नाही सांगितलं, तर फसवल्यासारखं होऊन राहिलं. लग्न झाल्यावर सांगितलं तर?"

माई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लग्न झाल्यावर तू कशाला सांगतोस? ती उशीवरच वाचंल."

प्रशांतने हातातलं घड्याळ खाली ठेवलं. मग म्हणाला, ठरलं, रविवारी ते आले की चहा व्हायच्या आत सांगून टाकतो. वडिलांना काय वाटायचं ते वाटो. तो दिवसभर ते वाक्य पाठ करत होता. वर जाताना एकदा, खाली येताना एकदा.

रविवारी पाहुणे अकरा वाजता यायचे होते. प्रशांतने सगळं नीट बेतलं होतं. दहाला औषध, मग अंघोळ, मग इस्त्रीचा शर्ट. आणि दहा वाजून गेले नाहीत तोच गेटपाशी रिक्षा थांबली! पुण्यातल्या नातेवाइकांकडे मन लागेना म्हणून मंडळी लवकरच निघाली होती. पुढे आई, मागे मुलगी, आणि शेवटी वडील. वडिलांच्या अंगात कडक सफारी आणि डोक्यावर क्रिकेटवाल्यांची टोपी. अकोल्याच्या उन्हातला माणूस, मी मनात म्हटलं, सवय असणार.

आईंनी विचारलं, "प्रशांत इथेच राहतात ना? घरी आहेत का?"

खालून एक हाक मारली असती तरी पोरगा सावध झाला असता. पण माझा स्वभाव! मी म्हटलं, "आहेत ना. पंधरा मिनिटं तर अगदी मोकळे आहेत. या वर."

जिन्याच्या वळणावर प्रशांत स्टुलावर बसलेला, अंगात बनियन, केसांत जागोजागी औषध. त्याने आम्हाला पाहिलं, गळ्यातला टॉवेल ओढला आणि फेट्यासारखा डोक्याला गच्च गुंडाळला. "या ना," म्हणाला. "सर्दी झाली आहे जरा."

सगळे खोलीत बसले. कुणालने खुर्च्या दिल्या, माई चहा टाकायला खाली पळाली. आई म्हणाल्या, सर्दीला वाफ चांगली. वडील टोपी न काढता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. प्रशांतच्या ओठांवर ते पाठ केलेलं वाक्य तीन वेळा आलं आणि तीन वेळा परत गेलं. टॉवेलखालून एक थेंब कपाळावर उतरला. तो पुसायला त्याचा हात उठला, पण मध्येच थांबला.

स्नेहल उघड्या दारातून बाहेर बघत होती. बाहेर कठड्यावर शाम्पूची बाटली होती. तिने ती नीट पाहिली, मग प्रशांतकडे वळली.

"टॉवेल काढा आधी," ती म्हणाली. "ते लावल्यावर झाकायचं नसतं."

आईंनी मुलीच्या दंडाला चिमटा काढला, तो आम्हाला सगळ्यांना दिसला. प्रशांतने टॉवेल काढून मांडीवर ठेवला.

स्नेहलने मान वळवली आणि आपल्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली.