गाठ माझी नाही

माझी आत्या डावखुरी. शाळेत त्यापायी हातावर पट्ट्या खाल्ल्या, पण हात काही बदलला नाही. हट्टीपणा तेव्हापासूनचा. लग्नानंतर तो कमी होईल म्हणून आतोबांनी वाट पाहिली आणि शेवटी नाद सोडला.

गुप्तचर खात्यात कागदपत्रांच्या खोलीत ती सव्वीस वर्षं कारकून होती. खोलीला खिडकी नाही, फोन बाहेरच्या खणात ठेवायचा आणि दारावर बोर्ड: गोपनीय कागद फोडले किंवा निष्काळजीपणे हाताळले, तर चौदा वर्षांपर्यंत कैद. तो बोर्ड रोज सकाळी आत्याच पुसायची. प्रत्येक फाइल ती स्वतः फितीनं बांधायची. डाव्या हाताची गाठ उलटी पडायची, दुसऱ्या कुणाला साधायची नाही. कपाट उघडलं की आधी गाठी बघायच्या, मग नोंदवहीत शेरा लिहायचा. कुणी सांगितलं नव्हतं, तिची आपली खोड.

एका गुरुवारी एका फाइलच्या फितीला बुटाच्या नाडीसारखं फूल बांधलेलं दिसलं. तिनं हात लावला नाही. नोंदवहीत फाइलचा नंबर टाकून लिहिलं, 'गाठ माझी नाही.'

तीन आठवड्यांनी त्याच फाइलमधला मजकूर वर्तमानपत्रात छापून आला. चौकशी बसली. कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक आत्याकडे, दुसरी साहेबांकडे. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून दार लावलं.

"बाई, कपाट तुमच्याकडून उघडं राहिलं असं लिहून द्या. निष्काळजीपणावर भागेल, वर्षभरात सुटाल. फितुरीचा आरोप लागला तर चौदा वर्षं आहेत."

"आणि तुमचं काय?"

"माझं काय असणार? मी ती फाइल पाहिलीसुद्धा नाही."

घरी हे ऐकून आतोबांचा चेहरा उतरला. "देऊन टाक लिहून. मोठ्या माणसांशी वैर नको," ते म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा भयंकर राग आला. आत्या ताटं पुसता पुसता म्हणाली, "हात डावा आहे माझा. काम डावं नाही."

चौकशी समितीसमोर तिनं नोंदवही उघडली आणि ती ओळ मोठ्यानं वाचली. फाइल मागवली. फूल तसंच होतं. शेजारी तिनं आपली गाठ बांधून दाखवली.

"मग वरिष्ठांना का कळवलं नाही?" अध्यक्षांनी दरडावलं. "न कळवणं हाही गुन्हाच आहे."

"कळवलं की." आत्यानं बोट खाली सरकवलं. दर सोमवारी साहेब नोंदवही तपासत, म्हणजे न वाचता सही ठोकत. त्या ओळीखालीच होतं, 'पाहिले', आणि साहेबांची झोकदार सही.

साहेब उसळले. "एक कारकून माझ्याकडे बोट दाखवणार?"

"बोर्ड रोज मीच पुसते, साहेब. कारकुनाला एक शिक्षा आणि साहेबाला दुसरी, असं त्यावर कुठेही लिहिलेलं नाही."

फाइल घरी नेल्याचं साहेबांनी पुढे कबूल केलं. आता ते कोठडीत आहेत आणि खटला चालू आहे. मला त्यांची तिळमात्र दया येत नाही.

फाइलमध्ये होतं तरी काय, असं मी आत्याला एकदा विचारलंच.

"मला काय ठाऊक? सव्वीस वर्षांत एकही वाचली नाही. मला परवानगी नव्हती," ती म्हणाली. "साहेबांना सगळं वाचायची परवानगी होती. माझी एक ओळ वाचली असती, तर आज बाहेर असते."