गोटीरामनं बुजवलेली खांड

"अकरा येला जेलो मी हिमालयान. इचार मना, काय बघलास? टोप बघला. परात बघली. तवांगचा मठ मना पाठीमागून वलखीचा हाय, जिथून त्यांचा धूर निंगतो तिथून."

"मग बाराव्या वेळेला काय झालं, चाचा?" तबरेजनं माझ्याकडे बघून डोळा मारला. त्याला सगळं पाठ होतं, मला ही गोष्ट नवी, म्हणून माझ्यासाठी विचारत होता.

"बाराव्या येला बघला. नि बघला म्हनून तर तुझ्या कॅन्टीनची डाल ढवलतंय. नायतर येवढा नशीब होता का तुझा?"

रबाळ्यातल्या एका कारखान्याचं कॅन्टीन, सकाळचे साडेदहा. साडेबाराला चारशे माणसं ताटं घेऊन उभी राहतात. तबरेज या कॅन्टीनचा ठेकेदार आणि गोटीराम घरत त्याचा आचारी. गोटीराम जासईचा. अठ्ठावन्न वर्षांचा, बुटका, रुंद. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेले. इथं येऊन त्याला जेमतेम पाच महिने झालेत. त्याआधी सात वर्षं तो जुईनगरच्या एका टूरवाल्याकडे होता.

हिमालयात फिरायला निघालेल्या आपल्या लोकांना मठ हवा, आदिवासींचं गाव हवं, जंगलातला गेंडाही हवा. पण ताटात मात्र वरण-भात आणि बटाट्याची भाजीच हवी. म्हणून टूरबरोबर आचारी जातो. पाहुणे नऊला गाडीत बसून बघायला निघाले की आचारी कांदा घेऊन बसतो. ते एकला परत येतात तेव्हा भात वाफाळत असला पाहिजे. ते जेवून पुन्हा निघतात, हा भांडी घासतो आणि संध्याकाळच्या भज्यांचं पीठ भिजवतो.

त्यामुळे गोटीरामला हिमालय कुकरच्या शिट्यांवर माहीत. गुवाहाटीला तुरीची डाळ तीन शिट्यांत, दिरांगला पाच आणि तवांगला आठ झाल्या तरी एखादा दाणा दाताखाली कचकन लागतोच.

"पन आयकला मी लय," तो म्हणाला. "तवांगला सकालचे ते लांब कर्णे वाजवतान ना, हातभार नाय, दोन-दोन पुरुष लांब. मी चायचा टोप ठेवलेला. आवाज आयला नि टोपातल्या पान्यावर लहर उठली. बोट न लावता! मी हात जोरला. कुनाला जोरला, मना मायीत नाय. पक्केच्या जंगलाजवल बटाटा सोलताना वरून कोन चादर झटकतंय असा वाटला. वर बघीपर्यंत जेला. मंग पावने बोलले, धनेश पक्षी होता तो, पंखाचा आवाज तसाच असतो. त्या लोकांनी जीप करून तीन तास शोधला, त्यांना दिसला नाय. मना दिसला नाय, पन माझ्या डोक्यावरून जेला."

पाहुणे जेवायला बसले की सांगायचे, "काका, काय तो बुद्ध! मान वर करून करून दुखली!" गोटीराम म्हणायचा, "हां का? भात वारू का अजून?"

आत जाऊन बघावं असं त्याला फार वाटायचं. पण टूर मॅनेजर अश्विननं एक नियम घालून दिला होता. जेवण एकला. एक जेवण चुकलं की पुढच्या टूरला दुसरा आचारी. आधीच्या आचाऱ्याला त्यानं तसाच काढला होता, गोटीरामच्या डोळ्यांदेखत. नोकरी गेली तर मठाची मागची बाजूसुद्धा जाणार, हे गोटीराम जाणून होता. म्हणून अकरा खेपा त्यानं चुलीपासून पाय हलवला नाही.

बारावी खेप सप्टेंबरअखेरची. अरुणाचलातलं झिरो. पाहुणे आपातानी लोकांचं गाव बघायला गेले. गोटीरामनं डाळ चढवली, तांदूळ धुवून ठेवला आणि अकराच्या सुमारास बटाट्याची सालं टाकायला लॉजच्या मागे गेला.

"आन बग," तो म्हणाला, आणि इथं त्याचा झारा डाळीतच थांबला. "आमची खारजमीन कोनीतरी उचलून डोंगरान नेऊन ठेवलेली!"

चारी बाजूंनी काळेनिळे डोंगर, त्यांच्यावर पाइनचं रान आणि मधोमध बशीच्या बुडासारखी सपाट भातशेती. भात पिवळं व्हायला लागलेलं. बांध असे सरळ की दोरी धरून घातलेत. आणि बांधावर नाचणी. आपली, साधी नाचणी.

गोटीराम वीस वर्षांचा होईपर्यंत जासईच्या खारात, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीत, राबला आहे. आज त्या जागेवर कंटेनर उभे असतात. चारांवर चार रचलेले. पण बांधाशी वाढलेल्या माणसाचा डोळा बांधावरच जातो. त्यानं पाहिलं, दुसऱ्या वाफ्याच्या कोपऱ्यातून पाणी भळाभळा वाहत होतं.

आमच्याकडे बांध फुटून पडलेल्या भगदाडाला खांड म्हणतात. खाडीचं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन वर्षं भात नाही. खांड गेली अशी आरोळी आली की माणूस जेवत्या ताटावरून उठायचा. बांध कुणाचा, हे विचारायची रीत नव्हती. ज्याला दिसली त्यानं उडी मारायची.

गोटीरामनं उडी मारली. चपला एकीकडे, सालांची पाटी दुसरीकडे. गुडघाभर पाण्यात उतरून त्यानं चिखलाचे गोळे उपसले, गवताचे बुचके उपटून खुपसले. पाणी थांबेना, तेव्हा गळ्यातला एप्रन काढला, टूर कंपनीचं नाव छापलेला, आणि गोळा करून त्या भोकात कोंबला. पलीकडून एक म्हातारी हात हलवत, ओरडत धावत येत होती. गोटीरामला वाटलं, बिचारी मदत मागतेय. त्यानं अजून जोरात चिखल लिंपला.

म्हातारी पोचली आणि तिनं पहिल्यांदा त्याच्या पाठीत टोपली हाणली.

मागून तिची सून आली. ती हिंदीत म्हणाली, "मछली निकालने के लिए खोला है, भैया! आपने बंद कर दिया!"

"मछली?" गोटीराम म्हणाला. "धान में?"

म्हातारी पुढे झाली. तिच्या कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत गोंदणाची एक निळी रेघ, हनुवटीवर पाच, आणि दोन्ही नाकपुड्यांत रुपयाएवढ्या काळ्या चकत्या. तिनं टाचेनं एप्रन उडवला. पाणी पुन्हा वाहायला लागलं. मग तीच टोपली तिनं गोटीरामच्या छातीवर दाबली. तुझ्यामुळे उशीर झाला ना, आता लाग कामाला.

"तवा घरयाल बघला मी," गोटीराम म्हणाला. "मनगटावर हाय ना घरयाल. सव्वाअकरा. एकला पावने येनार. डाल चुलीवर. सगला मना दिसत होता. कोनी बोलेल म्हातारा भुलला, तर खोटा हाय. मी बघला नि हात पान्यान घातला."

पाणी घोट्यावर आलं तसं शेत हलायला लागलं. भाताच्या बुडांमधून तांबूस पाठी सळसळू लागल्या, एक, दहा, मग मोजता येईनात. सगळ्या निघालेल्या वाफ्याच्या मधोमध खणलेल्या चराकडे. चरात उतरल्यावर टाळ्या पिटल्यासारखा आवाज. आणि वर भाताची लोंबी तशीच डुलतेय, तिला पत्ताच नाही.

"भातान शिरलेला मासा आमी पन खाल्ला, चिंबोरी खाल्ली. पन तो आपला आपून यायचा. यांनी पालला! एका पान्यान भात, त्याच पान्यान मासा, वर बांदावर नाचनी. म्हातारी बारीक मासा बाजूच्या वाफ्यान सोरत होती, जा, मोठा हो, अशी. मी पान्याला जलमभर घाबरलो रं. खाडीचा पानी म्हंजे दुश्मन. नि ही बाय टाचेनं दार उघरते, टाचेनं लावते, नि पानी तिचा आयकतो! बुद्ध नाय बघला मी. पन ती बघली."

दोन वाजता तो चिखलानं माखून परतला. डाळीचा कोळसा झाला होता. भात झालाच नव्हता. बत्तीस पाहुणे फरसाण आणि बिस्किटांवर बसले होते. त्यातल्या एका आजोबांना साखरेचा त्रास, त्यांना घाम फुटला होता.

"ती चूक माझी," गोटीराम म्हणाला. "त्यांच्या पाया परलो मी. ते बोलले, जाऊ द्या, आता बरा हाय."

अश्विननं मात्र सगळ्यांसमोर विचारलं, "काका, तुम्ही फिरायला आलात की कामाला?"

"आज फिराला आयलो."

परतल्यावर पुढच्या टूरचं बोलावणं आलं नाही.

गोष्ट इथं आली आणि गोटीरामचा फोन वाजला. त्यानं ओल्या हातानं स्पीकरवर टाकला. अश्विनच होता. नवा आचारी भाताचा गिचका करतो, जुने पाहुणे तुमचं नाव घेतात, मार्चात तवांग-झिरो आहे, या.

तबरेजचं हसू गेलं. चारशे माणसांचा आचारी सहज मिळत नाही.

"येन," गोटीराम म्हणाला. "पन मना एक तास पायजे. रोज नाय. एका गावाला एक तास. जेवन करून, झाकून जाईन."

"काका, तेच सांगतोय. किचन सोडायचं नाही. तेवढी एक अट."

"एक तास, अश्विन."

"नाही जमणार, काका. उद्या पुन्हा काही झालं तर? लोक माझ्या जबाबदारीवर येतात."

"बरोबर हाय तुझा," गोटीराम म्हणाला. खरंच त्याला ते बरोबर वाटत होतं. "मंग नको."

"काका, हिमालय आहे हो. परत कधी जाणार तुम्ही?"

"धुरांडा बघाला येवढा लांब कोन जातो? ठेव आता. डालीला फोरनी घालाची हाय माझी."

तबरेज काहीतरी बोलणार होता. गोटीरामनं त्याच्याकडे न बघताच हात पुढे केला. "लसून दे. येवढा नाय, भरून दे. चारशे मानसा हाईत."

तेल तापलं होतं. त्यानं मोहरी टाकली.