कुसुमनं सोडलेलं सफरचंद

कुसुम गेली तेव्हा मी दूध आणायला गेलो होतो. परत आलो तर आमची मुलगी, माधुरी, दारात उभी. माझ्या हातातली पिशवी घेतली तिनं... समजलं. त्याला आता दीड महिना झाला. चौथी शिकलेला माणूस मी, लिहिणं माझं काम नाही. पण भेटायला येणारे म्हणतात, तुमची बायको फार साधी होती हो. साधी नव्हती. हट्टी होती.

शेवटचं बाहेर जेवलो ते सिव्हिल लाइन्समधल्या नव्या बारमध्ये. दुखण्यानं तिचं जेवण सुटलं होतं. वरण-भात पुढे आला की तोंड फिरवायची. माधुरी म्हणाली, तिथं आपलं जुनं खाणं मिळते, बेसनाची पातोडी, कोदोचा भात, सगळं. मी म्हटलं, आईला बारमध्ये नेते? कुसुम आतून म्हणाली, "काहून? बार काय तुमच्याचसाठी आहे?" अन् कपाटातून चांगली साडी काढायला लागली.

पातोडी आली ती काळ्या दगडाच्या पाटीवर, रस्सा वेगळ्या वाटीत. कुसुम म्हणाली, "अहो, तुम्ही चौथीत टाकून आले ती पाटी इथं सापडली पहा." अन् खायला लागली. मी माझं जेवण विसरून तिच्या हाताकडे पाहत होतो. मग माधुरीनं मागवलेलं सायडर आलं. थंड, सोनेरी, वर थोडा फेस. कुसुमनं पेला तोंडाजवळ नेला अन् वासावरच थांबली. वाढणाऱ्या पोराला विचारलं,

"भैया, ये काहे का है?"

"सेब का, अम्मा. हल्की शराब है, कुछ नहीं होता."

तिनं पेला खाली ठेवला. दारूचं तिला काही नव्हतं. सफरचंद तिनं सोडलं होतं. मी छातीच्या दुखण्यातून उठलो तेव्हा आम्ही काशीला गेलो होतो. तिथं एक फळ जन्मभरासाठी सोडायचं असते. लोक नावडतं सोडतात. मी फणस सोडला, कधी खाल्लाच नव्हता. हिनं पाण्यात उभं राहून सफरचंद सोडलं, माझ्या जिवासाठी. सगळ्यात आवडीचं तेच.

मी म्हटलं, "पी. पोटात काही जाऊ दे. माझ्यासाठी सोडलं नं? मीच म्हणून राहिलो."

"तुम्हाला कोण विचारून राहिलं? मी गंगेला सांगितलं होतं." अन् पेला माझ्याकडे सरकवला. "तुम्ही प्या. कसं लागते ते सांगा मात्र."

मी प्यालो. म्हटलं, आंबट आहे.

"नुसतं आंबट?"

मग आठवून आठवून सांगितलं. आधी गोड, जिभेला टोचते, घशाखाली गेलं की सफरचंदाचा वास मागे राहते... ती डोळे मिटून ऐकत होती. पेला संपेपर्यंत विचारत राहिली, अन् विचारता विचारता पातोडी खात राहिली. तसं जेवण तिचं पुन्हा झालं नाही.

तेरवीला माधुरीनं आईचं पान वाढलं. सगळं आवडीचं, अन् कडेला सफरचंदाच्या फोडी. म्हणाली, "बाबा, आता सुटली नं ती. आता तरी खाऊ दे."

मलाही वाटलं, राहू द्यावं. किती वर्षं तरसली... फोडी काढायला गेलेला हात मागेच घेतला होता मी.

"माझ्या जिवासाठी सोडलं होतं तिनं," मी म्हटलं. "अन् मी तर इथं जिताच बसलो आहे."

फोडी उचलून मी माझ्या पानात घेतल्या.